खालच्या आकड्याला हात लावू नकोस

छावणी, छत्रपती संभाजीनगर

सोनू,

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो ताईने पाठवले. मोजणी चोख आहे, रसायन मात्र बिघडलंय. पाण्याच्या समीकरणात उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडला, म्हणून तू ‘एच-टू-ओ’चं ‘एच-टू-ओ-टू’ करून टाकलंस. दोन्ही बाजू जुळल्या खऱ्या, पण ते आता पाणी नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं ते. खालचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. आपल्या हातात फक्त सूत्राच्या आधीचा आकडा, म्हणजे रेणू किती घ्यायचे एवढंच: हायड्रोजन २, ऑक्सिजन १, पाणी २.

आणि समीकरण दिसलं की आकडे टाकत सुटू नकोस. आधी मोज. उदाहरणाला आपला बीबी का मकबरा घे, १६६०च्या सुमाराचा. भिंतींना खाली संगमरवर, वर घुमटाच्या तळापर्यंत दगडावर चुन्याचा गिलावा. लोक त्याला काटकसर म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि गिलाव्यातला चुना मुरून घट्ट झाला की तोही तेच. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. तो पाण्याने विझवायचा. भिंतीवर बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पाणी सोडतो. तिन्ही समीकरणं लिहून बघ, एकही आकडा घालावा लागत नाही. वजनंही लाव: १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना, ४४ किलो वायू. ५६ मध्ये १८ पाणी, झाले ७४. भिंतीवर ४४ परत आले की १०० किलो कार्बोनेट आणि १८ किलो पाणी. लॅव्हासिएने १७८९ साली मांडलेला द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम तो हाच. भट्टीवाल्यांचा चुना त्याच्याही कितीतरी आधीपासून तो पाळत होता.

आता तू अडलीस ते ब्युटेनच्या ज्वलनाचं समीकरण. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन असतात. कार्बन ४, म्हणून कार्बन डायऑक्साइड ४. हायड्रोजन १०, म्हणून पाणी ५. ऑक्सिजन नेहमी शेवटी, कारण तो उजवीकडे दोन ठिकाणी विखुरलेला असतो. इथे त्याचे अणू भरतात १३, म्हणजे साडेसहा रेणू. या अर्ध्याला घाबरून तू सगळं खोडलंस! खोडायचं नाही, सगळं दुप्पट करायचं: २, १३, ८, १०. ब्युटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तेरा रेणू लागतात, आणि हवेत तो जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून गॅस पेटवताना खिडकी उघडी ठेव. ऑक्सिजन अपुरा पडला की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

प्रोपेन तुझं तू कर. मग लोखंड आणि ऑक्सिजनपासून फेरिक ऑक्साइड. तिथे ४, ३, २ आलं नाही, तर मला फोन करण्याआधी खालचे आकडे तपास.

तुझा,
मामा