मोगऱ्याचा खुराक

आमच्या इंदूरच्या शाळेत कुंपणालगत मोगऱ्याची ७ झाडे आहेत. गेल्या वर्षी बागेची जबाबदारी आमच्या वर्गाकडे आली. भरपूर फुले यावीत म्हणून आम्ही दर पंधरवड्यास मूठभर युरिया व बाराही महिने बादलीभर पाणी देत गेलो. झाडे अशी माजली की पानांआड कुंपण दिसेना. फुले मात्र बोटांवर मोजण्याइतकी! एप्रिलअखेर आमच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या गजऱ्यासाठी फुले बाजारातून आणावी लागली. ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली.

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, आणि नत्राने पाला वाढतो. फुलांसाठी स्फुरद व पालाश यांचाही वाटा लागतो. परंतु केवळ खत बदलून भागत नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर धरते, आणि फुटवा जोमाने यावयाचा तर झाडाला आधी विश्रांती हवी. म्हणून थंडीत पाणी तोडावे. थंडी ओसरू लागताच, म्हणजे आपल्या माळव्यात फेब्रुवारीच्या आरंभी, जुन्या फांद्या निम्म्याने छाटून उरलेली पाने खुडावीत. ती उघडीबोडकी झाडे पाहून आमच्यापैकी काहींचा धीर सुटला होता, हे कबूल केले पाहिजे.

खुराकाची वेळ ती हीच. बुंध्यापासून वीतभर दूर आळे करून त्यात घमेलेभर कुजलेले खत व मूठभर सुपर फॉस्फेट मिसळावे आणि भरपूर पाणी द्यावे. स्फुरद पाण्याबरोबर फारसे खाली उतरत नाही. म्हणून ते वरवर न फेकता मुळांजवळ पुरावे. राखेत पालाश असते खरे, पण येथील काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी असल्याने राख जपूनच वापरावी.

कुजलेल्या खतासाठी तर इंदूरकरांनी दूर पाहावयास नको. याच शहरातील संशोधन-संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 'इंदूर पद्धत' सिद्ध केली व १९३१ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व थोडी राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची आणि ढीग ३ वेळा पालटावयाचा. सुमारे ९० दिवसांत खत तयार होते. त्या हिशेबाने आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच खड्डा भरला.

यंदा मार्चअखेर फांदीफांदीवर कळ्या दिसू लागल्या. पहिली ओंजळ आम्ही बाईंच्या घरी पोहोचती केली.