आपल्या दारातला इतिहास: महाड-पोलादपूर परिसरातील ऐतिहासिक स्थळे कशी पाहावीत?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा मुलांना विचारले, "चवदार तळे कोणी पाहिले आहे?" सगळ्यांचे हात वर गेले. "तिथे काय झाले?" असे विचारल्यावर मात्र दोनच हात वर राहिले. एक मुलगी म्हणाली, "बाबासाहेब पाणी प्यायले." पुढचा प्रश्न विचारायचे धाडस मलाच झाले नाही. कोणी विचारले असते तर त्या वेळी मलाही एवढेच सांगता आले असते. आपल्यापैकी बरेच जण नोकरीच्या निमित्ताने इथे आलो. महामार्ग, औद्योगिक वसाहत, बाजार आणि चर्च एवढेच आपले महाड. पाहुणे आले की त्यांना रायगडावर नेतो, रोपवेने वर जातो, फोटो काढतो आणि परत येतो. म्हणून हा लेख.

सुरुवात तळ्यापासूनच करू, कारण तिथे जायला भाडे लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. तळ्याच्या काठावर उभे राहून आधी भोवतालची घरे पाहा. पुढे न्यायालयात याच घरांचा मुद्दा महत्त्वाचा ठरला. श्री. सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे त्यात म्हटले होते. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले केले. ते अर्थात कागदावर! मुसलमान त्या तळ्याचे पाणी भरत होते, परधर्माच्या माणसाला बंदी नव्हती, गुरेढोरेही पाणी पीत होती. महार-चांभारांना मात्र ते शक्य नव्हते.

त्यानंतर 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (आपल्या रायगड जिल्ह्याचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते.) दुसऱ्या दिवशी परिषदेतील लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. हे आपण शाळेत वाचतो. त्याच दिवशी पुढे काय झाले ते मात्र पुष्कळांना माहीत नसते. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा गावात उठली आणि परतीला निघालेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर हल्ले झाले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. नंतर तळ्यात 108 घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

दुसरी परिषद भरली 25 डिसेंबर 1927 रोजी. नाताळचा दिवस! बस मिळणार नाही म्हणून डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. सभेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने, फत्तेखान यांनी, आपली जागा दिली. त्या संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्वतः ब्राह्मण होते. आज तिथे क्रांतिस्तंभ उभा आहे. तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आले नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम आला होता. हजारो माणसे पाण्यासाठी घर सोडून आली होती आणि बाबासाहेबांनी त्यांना कायदा पाळायला राजी केले. मला वाटते, पाणी पिण्यापेक्षा हे काम कठीण होते. खटला दहा वर्षे चालला. न्या. ब्रूमफील्ड यांच्या न्यायपीठाने मार्च 1937 मध्ये निकाल दिला की अस्पृश्यांना बंदी असल्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही. (1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच.)

योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरची शोमरोनी स्त्री आपल्या ओळखीची आहे. मुलांना तळ्यावर नेण्याच्या आदल्या रात्री तो उतारा घरात वाचावा, एवढेच सुचवतो. शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आहे, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. मात्र 20 मार्चला तिथे फार मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी जायचे तर स्थळ पाहायला न जाता माणसे पाहायला जावे.

आता महाडच्या वेशीवरची गांधारपाले लेणी. महामार्गावरून जाताना डोंगरात काळी भोके दिसतात तीच. पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. इथल्या एका लेखात राजपुत्र कानभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. एक लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढी आणि लेण्याला जोडणारी वाट! भिक्षूंच्या निवाऱ्याबरोबर पाण्याची आणि पायवाटेचीही सोय झाली. दात्याने पोढी मोजून लिहाव्यात यावरून त्यांचे मोल कळते. लेखाची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत असल्याने आपल्याला वाचता येणार नाही, पण त्यातला 'लेण' हा शब्द आपण आजही वापरतो. अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात चांगली दिसतात. ती उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ फासू नये, पाणी ओतू नये. काही मंडळी हे अभ्यासाच्या नावाखाली करतात, आणि दगडाचे नुकसान नाव कोरणाऱ्याइतकेच होते.

नावे कोरणाऱ्यांविषयी काय लिहावे? ही लेणी आणि रायगड केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. 1958 चा कायदा 2010 मध्ये सुधारला गेला. त्यानुसार स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलांना हे सांगा. कायद्याची भीती वाटली नाही तरी आकडा लक्षात राहतो.

रायगड महाडहून साधारण 25 किलोमीटर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांतील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात तो आहे. रोपवेने जायला हरकत नाही, वयस्कर मंडळींनी तसेच जावे. पण घरातल्या एखाद्या तरुणाने तरी पायऱ्यांनी चढावे, म्हणजे राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकिलाचे आश्चर्य समजेल. हेन्री ऑक्झिंडेन 6 जून 1674 रोजी दरबारात हजर होता. दाराशी दोन लहान हत्ती उभे पाहून, ते एवढ्या अवघड वाटेने वर आले तरी कसे, असा प्रश्न त्याला पडला. सिंहासनाशेजारी भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता, याचीही नोंद त्याने केली. या इंग्रजांच्या मुक्कामाची एक गंमत जॉन फ्रायर या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. त्यांना रोज मांस लागे. जो खाटीक ते पुरवी त्याने वर्षानुवर्षांत एवढी विक्री केली नव्हती. शेवटी तो म्हातारा गड चढून, एवढे खाणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहायला आला!

गडावर पुष्कळांची निराशा होते, कारण नुसती जोती दिसतात. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि लाकडी इमारती जळाल्या. म्हणून वर जाण्याआधी नकाशा पाहून जावे, नाहीतर राजवाडा आणि बाजारपेठ यांतला फरक कळत नाही. जगदीश्वराच्या मंदिराजवळच्या एका पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव आहे. सगळे मान वर करून पाहतात, तिथे खाली पाहावे. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी चुकवू नये. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, त्यांचे निधन झाले.

पोलादपूरकडे फारसे कोणी वळत नाही. महाबळेश्वरला जाताना चहापुरते थांबतात. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. चित्रपटात पाहिलेला तानाजी 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंढाण्यावर पडला. त्याचे गाव आपल्या शेजारचे, हे मुलांना खरे वाटत नाही. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. शिवाजी महाराजांच्या हयातीत संस्कृतात 'शिवभारत' रचणारे हेच. ते काव्य 32 व्या अध्यायात अर्धवट तुटते. तंजावरला सापडलेल्या पोथीवरून ते छापले गेले 1927 साली, तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी.

शेवटी एक घरचे काम. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 रोजी महाडमध्ये पुराचे पाणी शिरले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या पुरात घराघरांतले लग्नाचे फोटो, जुन्या सनदा, शाळेचे दाखले भिजून गेले. या दोन्ही घटना पाहिलेली माणसे आपल्याच बाकांवर बसतात. येत्या रविवारी मिस्सानंतर मुलांनी वही घेऊन त्यांच्यातल्या एकाला विचारावे, की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते. मग त्या पायरीवर जाऊन पाहावे. खूण अजून दिसत असेल तर तिचा फोटो काढून खाली तारीख लिहून ठेवावी.