राजभाषेचा प्रसार आणि प्रदेशभाषा : वसाहतींतील फ्रेंच व निजामी मराठवाड्यातील उर्दू

कोणतीही भाषा मूळ प्रदेशाबाहेर स्थिरावते, ती केवळ वाङ्मयीन सामर्थ्याच्या बळावर नव्हे. कचेरी, शाळा आणि नोकरी ही तिच्या प्रसाराची तीन प्रमुख साधने होत. फ्रेंचच्या इतिहासात हे ठळकपणे दिसते. सेनेगलमधील सेंट-लुई येथे १८१७ साली जाँ दार या शिक्षकाने वोलोफ या स्थानिक भाषेच्या आधारे शिक्षण सुरू केले. परंतु तो प्रयोग टिकला नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील वसाहतींत फ्रेंच हेच शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम झाले.

या प्रक्रियेशी जवळचे साधर्म्य असलेले उदाहरण मराठवाड्यात आढळते. हैदराबाद संस्थानची राजभाषा प्रथम फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानात तेलुगू भाषक सुमारे ४६ टक्के, मराठी २६, कन्नड १४ आणि उर्दू १० टक्के होते. नांदेड जिल्हा तेलुगू प्रदेशाला लागून होता. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या काळी बीदर जिल्ह्यात होते. अशा बहुभाषिक मुलखात उर्दू ही कारभाराला जोडणारी भाषा ठरली. साहजिकच नोकरीची वाट तिच्यातूनच जात असे.

तथापि, हे साधर्म्य मर्यादित आहे. उर्दू सागरापलीकडून आलेली नव्हती. तिचे दखनी रूप या भूमीत शतकानुशतके नांदत होते. शिवाय १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेचा स्वीकार केला. त्यासाठी १९१७ पासून भाषांतर विभागही कार्यरत होता. ब्रिटिश साम्राज्याच्या संदर्भात हा प्रयोग स्वभाषेचा पुरस्कार ठरतो. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र माध्यम परकेच राहिले. एकच धोरण एकाच वेळी मुक्तिदायी आणि दमनकारी असू शकते, हे येथे ध्यानात येते. हिप्परगा येथे १९२१ साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर कळते.

राजसत्ता गेल्यानंतर दोन्ही भाषांची वाटचाल भिन्न झाली. सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला, तरी फ्रेंच राजभाषा राहिली; अनेक भाषागटांच्या राष्ट्रात सुशिक्षित वर्ग तिच्यातच घडला होता. मालीने मात्र २०२३ च्या राज्यघटनेत तिचे अधिकृत स्थान काढून घेतले. मराठवाड्यात १९४८ साली निजामी राजवट संपली आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा प्रदेश मुंबई राज्यातील मराठी मुलखाशी जोडला गेला. मराठीला शासन, शाळा व नोकरी यांचा आधार मिळाला, म्हणून राजभाषा या नात्याने उर्दू ओसरली.

घराची, शाळेची व साहित्याची भाषा म्हणून ती येथे आजही आहे. ‘खासरा’, ‘मुंतखब’, ‘खिदमतमाश’ हे शब्द जमिनीच्या दप्तरात टिकून आहेत, आणि इनामांचे वाद समजून घेण्यास ते आवश्यक ठरतात. म्हणूनच निजामकालीन मराठी समाजाचा अभ्यास केवळ मराठी साधनांवर विसंबून पूर्ण होणार नाही. ज्या भाषेने मराठीची वाट अडवली, त्याच भाषेत त्या समाजाच्या जमिनीचा, हक्कांचा आणि व्यवहारांचा मोठा लेखाजोखा जतन झाला आहे. मराठीच्या संशोधकाने उर्दू लिपी शिकणे ही भूतकाळापुढील शरणागती नसून आपल्याच इतिहासावरील हक्क बजावणे होय.