पहिला मुक्काम जवळचा ठेव

सायकलवरून एक रात्र बाहेर काढायची म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं मला. पण तू पहिला प्रश्न विचारलास तो ‘किती किलोमीटर होतील?’ हा. अगं, पहिल्या वेळी तो हिशोब बाजूला ठेव. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि तू चार वाजता मुक्कामाच्या अंगणात पोचलेली हवीस. बाकी सगळं यावरून ठरव.

मुंबईच्या मुलीला मी अलिबागचाच रस्ता सांगेन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. सायकल खाली गाड्यांच्या मजल्यावर उभी करायची, तासाभरात तू पलीकडे. पनवेल-पेणचा ट्रकांचा रस्ता आपोआप टळतो. पुढे चोंढी, अलिबाग, नागाव, चौल करत रेवदंडा साधारण चाळीस किलोमीटर. रस्ता बराचसा सपाट, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. मैत्रिणी म्हणतील, मुरुडलाच जा की! मुरुड अलिबागपासून आणखी पन्नासेक किलोमीटर आहे, आणि रेवदंड्याची खाडी ओलांडली की चढउतार लागतात. ते पुढच्या खेपेला.

शनिवार-रविवार मात्र टाळ. त्या दोन दिवसांत सगळी मुंबई गाड्या घेऊन त्याच अरुंद रस्त्यावर उतरते. गुरुवारी जा, शुक्रवारी दुपारच्या आत मांडव्याला परत ये. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोच छातीवर घ्यावा लागतो. म्हणून परतीच्या दिवशी उजाडताच निघ. सकाळी हवा शांत असते.

आता जे दुकानात कोणी सांगत नाही ते सांगते. सायकलिंगची गादीवाली पँट घेशील ना, तिच्या आत निकर घालायची नाही. निकरची शिवणच मांडीला काचते आणि दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. जिथे घासतं तिथे निघण्याआधीच व्हॅसलीन लाव. सीटची उंची अशी बघ: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक मुली पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, आणि मग गुडघे बोलायला लागतात.

आणि पाणी. वाटेत बाथरूम मिळणार नाही या धास्तीने आपण बायका पाणीच पीत नाही. ही सवय सायकलवर फार महागात पडते. डोकं ठणकतं, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ होते ती वेगळीच. तू घोट घोट पीत राहा, एका बाटलीत ओआरएस ठेव, आणि थांबे आधीच ठरवून घे: बोटीवर, मांडव्याच्या जेट्टीवर, वाटेतल्या पेट्रोल पंपावर, अलिबागच्या एसटी स्टँडवर. पंपावर जरा दटून विचारायचं, लाजायचं नाही. पाळीची तारीख त्याच दोन दिवसांत येत असेल तर सरळ आठवडाभर पुढे ढकल. पाळीत सायकल चालवता येतेच, पण पहिल्याच सफरीत तो हट्ट कशाला?

पाठीवर सॅक नको. घामाने पाठ भिजते, खांदे दुखतात. कॅरिअरला बांध, आणि बांधलेल्या रबरी दोरीचं टोक लोंबकळत नाही ना, हे दोनदा बघ. तेच चाकात अडकतं. ओढणीचंही तसंच, घरीच ठेव.

पंक्चरची भीती तुला सगळ्यात जास्त आहे, माहितेय मला. वजन मागे असतं म्हणून पंक्चरही मागचंच चाक जास्त होतं, आणि चेनमुळे तेच काढायला किचकट. एक ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप जवळ ठेव. तुझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह बघितलास का? बारीक, टोकाला पेचाचा असेल तर तो प्रेस्टा. गावातल्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीचं तोंड मोटारसायकलच्या मापाचं असतं, ते त्यावर बसत नाही. छोटासा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो आधीच आणून ठेव.

आईला कसं पटवायचं, ते ऐक. वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण देशील. पुण्याची मुलगी, २०१८ मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारली. मलाही तिचा अभिमान आहे. पण आईचा जीव असल्या उदाहरणाने थाऱ्यावर येत नाही गं, उलट धास्तावतो. तिला रेवदंड्याच्या घराचा पत्ता दे, तिथल्या काकूंशी फोनवर बोलू दे, बोटीची वेळ लिहून दे. खोली घेताना कुटुंब राहतं तेच घर बघ, आणि सायकल रात्री आत घेऊ देतील का, तेही विचार. फोनवरून लोकेशन घरी दिसत राहू दे. रस्त्यात कोणी ‘कुठे उतरलात?’ विचारलं तर हसून पुढे जायचं, घराचं नाव सांगायचं नाही. ११२ नंबर तर पाठ आहेच. सोबत एकच मैत्रीण घे, तुझ्यापेक्षा हळू चालवणारी असली तर उत्तमच.

चारला पोचलीस की बघ कसं वाटतं. आंघोळ, चहा, आणि मग अंगात त्राण असताना पायी हिंडायला दोन तास. रेवदंड्यात गावाचा रस्ताच पोर्तुगीजांच्या तटबंदीतून आत जातो. तट बघत समुद्रावर जा. जानेवारीत गेलीस तर काकूंना पोपटीचं आधीच सांगून ठेव. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या. अंधारात दमून पोचणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, तो जेवून झोपतो. मी इतकी मागे लागले आहे ती यासाठीच.

तेव्हा रजेचा अर्ज टाक, खोली सांगून ठेव आणि निघायच्या आधीच्या रविवारी सायकल घेऊन माझ्याकडे ये. मागचं चाक काढून बसवायला मी शिकवते.