बोथट पाते आणि सैल नट
मंडळीतील अभ्यासवर्गाकरिता पाठ

शास्त्रपाठ : उपदेशक 10:10, अनुवाद 19:4–6, निर्गम 21:28–29, अनुवाद 22:8, 2 राजे 6:1–7, इब्री 6:18.
पाठ करण्याचे वचन : उपदेशक 10:10.
पाठाचा उद्देश : आपल्या हातातील अवजाराची निगा राखणे हा शेजाऱ्यावरील प्रीतीचाच एक भाग आहे, हे समजून घेणे.



भातकापणी उरकली की मुरबाड, शहापूर व कल्याण या तालुक्यांतील आपल्या खेड्यांत दुसरे काम निघते. वरकस जमिनीवरील गवत वाळू लागते, बांधांवर झुडुपे माजतात, आमराईत कमरेएवढे रान उभे राहते. पूर्वी हे सारे काम विळ्याने व कोयत्याने होत असे. खाचरातील भात आजही पुष्कळ ठिकाणी विळ्यानेच कापतात, आणि कोकण कृषि विद्यापीठाने शिफारस केलेला हलका, दातेरी वैभव विळा अनेकांच्या परिचयाचा आहे. परंतु माळ साफ करण्याकरिता आता ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले गवतकापणीचे यंत्र भाड्याने आणण्याची चाल पडत आहे. कोणी त्यास स्लॅशर म्हणतात, कोणी रोटरी कटर म्हणतात. लोखंडी छताखाली दोन जड पाती गरगर फिरतात आणि जे समोर येईल ते छाटून टाकतात. या पात्यांविषयीच आज आपणांस विचार करावयाचा आहे. पात्यांचा व शास्त्राचा काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु शास्त्रात लोखंडाविषयी जे सांगितले आहे ते वाचले असता ती शंका राहणार नाही.

1. बोथट लोखंड

उपदेशकाच्या पुस्तकात ज्ञानी पुरुष एक साधी गोष्ट सांगतो. लोखंड बोथट झाले आणि त्याला कोणी धार लावली नाही, तर अधिक जोर लावावा लागतो. ज्ञान मात्र काम सिद्धीस नेते. विळा वापरणाऱ्या प्रत्येक बाईस हे ठाऊक आहे. धार गेली की मनगट दुखते, गवत कापले न जाता उपटले जाते, आणि जोर केल्याने हात घसरून बोट कापते.

यंत्राचेही तसेच आहे. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते. ट्रॅक्टर अधिक ओढ घेतो, डिझेल अधिक जळते, वाटेतील झुडुपे नुसती चेचली जातात. फरक एवढाच की, विळा बोथट झाला हे हातास तत्काळ कळते. यंत्राचे पाते बोथट झाले हे चालकास कळत नाही, कारण जोर त्याचा नसतो, इंजिनाचा असतो. ज्या उणिवेचा भार आपल्या अंगावर पडत नाही ती उणीव आपल्या ध्यानात येत नाही, हा मनुष्याचा स्वभाव आहे. म्हणून पाती वेळोवेळी उतरवून पाहिली पाहिजेत.

2. धार लावण्याची रीत

ज्यांच्याकडे हे काम येते त्यांनी पुढील गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका असल्यास तिच्यातील सूचना सर्वांत आधी पाळाव्यात.

प्रथम सुरक्षितता. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, ब्रेक लावावा, चाकांना उटी द्यावी. पी.टी.ओ. सोडवावा, इंजिन बंद करावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. इंजिन थांबले तरी पाती काही वेळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. मग पी.टी.ओ. शाफ्ट काढून ठेवावा. यंत्र वर उचलल्यावर केवळ लिफ्टच्या भरवशावर त्याखाली जाऊ नये. लिफ्ट तेलाच्या दाबावर उभी असते. नळी फुटली, किंवा एखाद्या मुलाने दांड्यास हात लावला, तर ते ओझे एका क्षणात खाली येते. म्हणून खाली भक्कम लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे लावावेत. विटा व सिमेंटचे ठोकळे लावू नयेत. ते वजनाखाली अकस्मात फुटतात.

दुसरी गोष्ट तपासणी. पाते वाकले आहे काय, त्यास चीर आहे काय, बोल्टाचे भोक झिजून लांबट झाले आहे काय, हे पाहावे. यांपैकी काहीही आढळल्यास धार लावण्यात वेळ दवडू नये, पाते बदलावे. वाकलेले पाते तापवून सरळ करू नये, आणि तुटलेल्यास वेल्डिंगही करू नये. बोल्टही झिजतो, पाती नवी घालताना बोल्ट व नट नवे घालणे उत्तम.

तिसरी गोष्ट धार. पात्यास कारखान्यात जो उतार दिलेला असतो त्याच उतारावर कानस किंवा ग्राइंडर चालवावा, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. वस्तऱ्यासारखी पातळ धार काढू नये. ती पहिल्याच दगडावर चेपते. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची कड राहू द्यावी. एकाच जागी ग्राइंडर धरून ठेवल्यास पोलाद निळे पडते. निळे पडले म्हणजे त्याचे पाणी उतरले असे समजावे; तेथे धार टिकत नाही.

चौथी गोष्ट समतोल. समोरासमोरची दोन्ही पाती सारख्या वजनाची असली पाहिजेत. एकाचे जेवढे घासले तेवढेच दुसऱ्याचे घासावे आणि दोन्ही तराजूत घालून पाहावीत. पाते बदलावयाचे असल्यास जोडीने बदलावे. एक जड व एक हलके असले की यंत्र थरथरते, आणि ती थरथर गिअरबॉक्सचे बेअरिंग व सील खाऊन टाकते.

शेवटी जोडणी. पाते बसविताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेस पुढे येते की नाही हे पाहावे. नट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावा, खीळ असेल तर नवी घालावी. बहुतेक यंत्रांत पाते आपल्या बोल्टावर मोकळे झुलावे अशी रचना असते, म्हणजे दगड लागला असता ते मागे सरते. ते हाताने झुलवून पाहावे. नव्या जोडणीनंतर काही तास काम झाले की यंत्र थांबवून नट पुन्हा तपासावा. हीच गोष्ट पुष्कळ लोक विसरतात, आणि येथूनच आपल्या पाठाचा गंभीर भाग सुरू होतो.

3. निसटलेले लोखंड

अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक प्रसंग सांगितला आहे. दोन शेजारी रानात लाकडे तोडण्यास जातात. एकजण घाव घालतो, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्यास लागून तो मरतो. मारणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. अशा मनुष्याकरिता देवाने आश्रयाची नगरे नेमून दिली.

कुऱ्हाडीचे पाते काही पावले उडते. यंत्राचे काय? समजा, पात्यांची टोके पाच फूट व्यासाचे वर्तुळ काढीत आहेत आणि मिनिटास 800 फेरे होत आहेत. तर प्रत्येक टोक मिनिटास सुमारे 12,500 फूट अंतर तोडते. म्हणजे तासास सुमारे 230 किलोमीटर. कल्याणहून सुटलेली जलद लोकल याच्या निम्म्या वेगानेही धावत नाही. त्या वेगाने सुटलेले पाते, किंवा पात्याने उडविलेला मुठीएवढा दगड, कोणाच्या अंगावर जाईल हे चालकाच्या हातात राहत नाही.

आम्ही एकदा एका वाडीत उपासनेकरिता गेलो असता असे घडलेले पाहिले. माळावर काम चालू होते. मोठा आवाज झाला आणि यंत्र थरथरू लागले. एक पाते करवंदीच्या जाळीतून आरपार जाऊन आंब्याच्या खोडात रुतून बसले होते. त्याच आंब्याखाली थोड्या वेळापूर्वी दोन बाया भाकर खाऊन उठल्या होत्या. चालक आपल्याच मंडळीतील भाऊ. तो म्हणाला, “साहेब, नट ढिला आहे हे सकाळीच दिसले होते, पण भाडे तासावर, म्हटले संध्याकाळी पाहू. देवाने राखले.” आम्हीही आमेन म्हटले. परंतु परतीच्या वाटेवर आमच्या मनास तो शब्द बोचत राहिला. देवाने राखले हे खरे. परंतु जे काम पान्याने करावयाचे ते देवाच्या दूतांवर सोपविणे यास विश्वास म्हणत नाहीत. मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला जे सुचविले आणि प्रभूने जे नाकारले, ते याच प्रकारचे होते.

4. मारका बैल

त्या भावाचा दोष कोणता? तो निसटलेल्या कुऱ्हाडीचा धनी होता काय? येथे निर्गमाचा एकविसावा अध्याय वाचावा. बैलाने कोणास हुंदडून मारले तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असून धन्यास तसे कळविले होते, आणि तरीही त्याने त्यास बांधून ठेवले नाही, तर धनीही दोषी.

दोन्ही ठिकाणी द्वेष नाही; दोन्ही ठिकाणी शेजारी मेला आहे. भेद एकाच गोष्टीचा आहे : धन्यास ठाऊक होते की नव्हते. जो नट ढिला असल्याचे आपणांस सकाळीच दिसले, तो निसटलेली कुऱ्हाड नव्हे. तो मारका बैल होय. आणि पाहावयास पाहिजे होते परंतु पाहिले नाही, अशांनीही निश्चिंत राहू नये. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा आहे, ती कोणी पडण्याच्या आधीची आहे. यंत्राच्या पुढील व मागील बाजूस दगड अडविण्याकरिता ज्या साखळ्या किंवा पत्रे असतात, ते या यंत्राचे कठडेच होत. गवत अडकते म्हणून ते काढून टाकणारा मनुष्य आपल्या धाब्याचा कठडा मोडीत असतो.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. मळणीयंत्रांत मजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि इजा झालेल्यास भरपाई देण्याची तरतूद त्यात घातली. आणि यंत्राची इजा यंत्रापाशीच थांबते असेही नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 2016 व 2024 च्या मे महिन्यांत जे स्फोट झाले, त्यांत कारखान्याशी काही संबंध नसलेली आसपासची माणसेही जखमी झाली. आपले कित्येक तरुण तेथील कारखान्यांत कामास जातात. तेथे टोपी व चष्मा घालणारा तरुण सुटीच्या दिवशी आपल्याच शेतात उघड्या डोळ्यांनी ग्राइंडर धरतो, हे कसे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भयाने शेतकरी तो घेईनात. ते भय निराधार होते व ते गेले, हे बरे झाले. परंतु आज आपण उलट टोकास गेलो आहोत. जेथे भ्यावे तेथेही भीत नाही.

5. उसने अवजार

यार्देनेच्या काठी संदेष्ट्यांचे शिष्य लाकडे तोडीत असता एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले. तो कळवळून ओरडला, कारण कुऱ्हाड मागून आणलेली होती. लोखंड गेल्याचे दुःख होतेच. परंतु दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून गेली हे दुःख अधिक होते. अलीशाने ते दुःख क्षुल्लक मानले नाही.

भाड्याने आणलेल्या यंत्राविषयी आपली वृत्ती अशी असते काय? पैसे दिले आहेत, मग माळावरील दगड वेचण्याचा त्रास कोण घेतो, असे आपण म्हणतो. ख्रिस्ती मनुष्याने आधी माळ पायी फिरून दगड, तारा व बुंधे बाजूस काढावेत. मुलांना व गुरांना दूर न्यावे. वाटेवर एक माणूस उभा करावा. आणि धन्यास यंत्र परत देताना त्यातील उणीव लपवू नये. ती उघड सांगावी. उद्या ते यंत्र दुसऱ्याच्या शेतावर जाणार आहे.

6. आश्रय

हा पाठ ऐकून कोणाचे मन जुन्या आठवणीने व्याकूळ होईल. हयगयीने कोणाचे बोट गेले असेल, कोणाचा जीवही गेला असेल. अशा भावास किंवा बहिणीस आम्ही सांगतो की, आश्रयाचे नगर अजून उघडे आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता आपणांस आश्रयास धावलेले लोक म्हणतो, आणि जुन्या नगरांत ज्यास जागा नव्हती त्या दोषी मनुष्यासही ख्रिस्तात जागा आहे. तेथे धाव घ्यावी, ज्याची हानी झाली त्याच्या दारीही जावे, त्याची भरपाई करावी. आणि मग घरी येऊन पाना हातात घ्यावा.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. निसटलेली कुऱ्हाड व मारका बैल यांत भेद कोणता?
2. आपल्या गावात कोणते ‘कठडे’ मोडलेले आहेत? विहीर, विजेची तार, मळणीयंत्र यांचा विचार करावा.
3. चालक तासाच्या भाड्यावर असता नट तपासण्याचा वेळ कोणी सोसावा, चालकाने की शेताच्या धन्याने?
4. देवाने राखले असे आपण केव्हा कृतज्ञतेने म्हणतो, आणि केव्हा आपली चूक झाकण्याकरिता म्हणतो?

उपदेशकांस सूचना : शक्य असल्यास एक झिजलेले पाते व एक नवे पाते वर्गात आणून सर्वांच्या हातात द्यावे. बोलण्याने जे कळत नाही ते वजनाने कळते.

प्रार्थना : हे प्रभो, तू सुताराच्या घरी वाढलास, अवजाराची धार व त्याचा धोका तुला ठाऊक आहे. आम्हांस दक्ष हात दे, आणि जे आमच्या शेतावरून वाट काढतात त्यांना आमच्या हयगयीपासून राख. आमेन.