अ‍ॅनिमेशनकडे परत येताय? आधी जुन्या शिदोरीचा हिशोब करा

पूर्वी फ्लॅशवर हात बसलेला होता, मग नोकरी, घर, दुकान यात आठ-दहा वर्षं गेली, आणि आता पुन्हा अ‍ॅनिमेशनची कामं घ्यायची आहेत. व्हिडिओतला हा मुद्दा इथे पायऱ्यांमध्ये मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

१. काय गेलं, काय राहिलं?

फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. म्हणून वेबसाइटसाठी फ्लॅश बॅनर करून देण्याचा धंदा संपला. पण चित्र काढायचं फ्लॅश सॉफ्टवेअर २०१६ मध्येच 'अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट' या नावाने पुढे आलं होतं. कीफ्रेम, लेअर, अनियन स्किन हे सगळं आजच्या टूल्समध्येही आहे. चेंडू खाली येताना वेग घेतो आणि वर जाताना मंदावतो, हे तुमच्या डोळ्याला कळतं ना? तेच खरं भांडवल. बटणं पाठ होतात. टायमिंगची नजर यायला वर्षं लागतात.

२. एकच टूल निवडा

सगळं थोडं थोडं शिकू नका. खर्च करायचा नसेल तर ब्लेंडर घ्या. ते मोफत आहे आणि त्यावर केलेलं काम विकता येतं. त्यातल्या 'ग्रीस पेन्सिल'ने टू-डी चित्रही काढता येतं. 'फ्लो' हा ऑस्कर मिळवणारा चित्रपट ब्लेंडरवरच झालाय, त्यामुळे "फुकटचं म्हणजे कच्चं" ही शंका सोडा. पूर्वी ब्लेंडर उघडून घाबरून बंद केलं असेल, तर पुन्हा बघा. २०१९ च्या २.८० आवृत्तीपासून त्याची मांडणी बदलली आहे.

३. सराव छोटा, पण पूर्ण

पहिल्या आठवड्यात फक्त उसळणारा चेंडू. दुसऱ्यात डोळे मिचकावणारा चेहरा. तिसऱ्यात १० सेकंदांची जाहिरात, आवाजासकट, एमपी४ फाइल काढेपर्यंत. अर्धवट दहा फाइलींपेक्षा पूर्ण झालेली एक बरी, कारण गिऱ्हाईकाला तीच दाखवता येते.

४. तास लिहा, मग दर सांगा

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांत २४० फ्रेम होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तर १२० चित्रं. सगळी हाताने काढणार की काही हालचाल कीफ्रेमवर सोडणार, यावर तुमचे तास ठरतात.

समजा, सरावाच्या जाहिरातीला ३० तास लागले आणि त्यातले १८ बटणं शोधण्यात गेले. मग कामाचे तास १२. तासाला ३०० रुपये धरले तर ३,६०० रुपये. शिकण्याचे तास गिऱ्हाईकाच्या बिलात घालू नका, पण कामाचे तास "सुरुवात आहे" म्हणून फुकटही देऊ नका. एकदा फुकट दिलं की पुढच्या वेळी दर सांगताना जीभ अडखळते.

५. तारीख देताना

अंदाज १२ तासांचा आणि रोज दोन तास मिळत असतील, तर सहा दिवस नाही, नऊ दिवस सांगा. त्यात गिऱ्हाईकाच्या दुरुस्त्या बसतात. किती वेळा दुरुस्ती करून देणार, हेही आधीच लिहून द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: चेंडू उसळवा. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ वहीत लिहा. तुमच्या दरपत्रकाची सुरुवात त्याच ओळीपासून होईल.