हृदयाचा परवलीचा शब्द

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाचा प्रवास २०१९ साली मोठ्या कुतूहलाचा विषय झाला होता. संशोधकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती आणि ती बिनतारी संदेशाने त्याचा ठावठिकाणा कळवीत असे. म्हणूनच तो वाघ शेते, नाले व रस्ते ओलांडीत सुमारे ३००० किलोमीटर हिंडला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला, हे लोकांना समजले.

परंतु रक्षकासाठी निघालेला संदेश भक्षकाच्या हाती पडला तर? ही शंका पोकळ नव्हे. २०१३ साली मध्य प्रदेशातील अशाच एका वाघाची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत असे, त्यात शिरण्याचा प्रयत्न पुण्याकडील एका संगणकावरून झाला होता. सुदैवाने तो वेळीच अडविला गेला.

अशी बिनतारी यंत्रे आज माणसाच्या शरीरातही असतात. हृदयाचे ठोके मंदावले, तर विजेचा सौम्य स्पंद देऊन त्याला चालते ठेवणारा पेसमेकर हे त्यांपैकीच एक होय. १९५८ साली स्वीडनमध्ये रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनविलेला पेसमेकर शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसविला. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले; परंतु पुढे एकामागून एक यंत्रे बदलीत लार्सन २००१ सालापर्यंत जगले. आपल्या दोन्ही जीवनदात्यांच्या निधनानंतरही ते हयात होते!

कालांतराने या यंत्रांना जणू कान व जीभ फुटली. छातीवर पुन्हा शस्त्र न चालविता डॉक्टर बिनतारी लहरींनी यंत्राची माहिती वाचू लागले व त्याची गतीही बदलू लागले. वाघाची कॉलर वाघाचा ठिकाणा सांगते. हृदयाचे यंत्र मात्र सांगते आणि आज्ञाही पाळते. मग आज्ञा देणारा डॉक्टरच आहे, हे त्याने ओळखावे कसे?

२००८ साली अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी हृदयाला विजेचा धक्का देणारे एक यंत्र प्रयोगशाळेत तपासले. ते कोणा रुग्णाच्या शरीरात नव्हते. काही सेंटिमीटरांवरून पाठविलेल्या परक्या आज्ञाही ते निमूटपणे पाळते, असे आढळले. पुढे २०१७ साली अशाच दोषामुळे अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची आज्ञावली सुधारावी लागली. कोणाला इजा झाल्याचे आढळले नव्हते. शस्त्रक्रियेचीही गरज पडली नाही. दवाखान्यात सुमारे तीन मिनिटांत ते काम होत असे.

तर मग यंत्राला भक्कम कुलूप लावले की झाले, असे कोणी म्हणेल. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही. समजा, यवतमाळचा एखादा रुग्ण प्रवासात दूरच्या गावी बेशुद्ध पडला. तेथील अनोळखी डॉक्टरांना त्याचे यंत्र तत्काळ हाताळता आले पाहिजे. किल्ली केवळ यवतमाळच्या डॉक्टरांपाशी असेल, तर ते कुलूपच रुग्णाच्या जिवावर बेतेल! शिवाय अवघड सांकेतिक भाषेला वीज अधिक लागते आणि यंत्रातील बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

या पेचावर २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक सुंदर युक्ती सुचविली. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर दर वेळी किंचित बदलते. डॉक्टरांचे उपकरण रुग्णाच्या अंगाला टेकले, तर त्यास व आतील यंत्रास एकाच वेळी तेच ठोके उमगतात. दोहोंची नोंद जुळली, तरच यंत्राने आज्ञा मानावी. म्हणजे जवळ आलेल्या डॉक्टरांना दार उघडे आणि दूर लपलेल्या उपद्रव्यास बंद! हृदयाचा ठोका हाच परवलीचा शब्द.

अशा धोक्यांच्या भयाने पेसमेकर नाकारणे शहाणपणाचे नव्हे; त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. मात्र जे यंत्र माणसाचा जीव राखते, त्याची राखण माणसाने डोळ्यांत तेल घालून केली पाहिजे.

स्वाध्याय

१. वाघाची कॉलर व हृदयाचे यंत्र यांत कोणता महत्त्वाचा भेद आहे?
२. भक्कम कुलूपही रुग्णास घातक का ठरू शकते?
३. ‘डोळ्यांत तेल घालणे’ या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.